पी-एच वाले लांब इंग्लिश शब्द पाठ का होत नाहीत, आणि मग करायचं काय

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत, सातवीपर्यंत मराठी मीडियम, आठवीपासून इंग्लिश मीडियमच्या शाळेत टाकली. शाळेतून दोनशे लांब इंग्लिश शब्दांची यादी मिळाली, स्पेलिंग आणि अर्थासकट पाठ करायला. ताईंनी घरी बसून त्या यादीचे गट पाडले, पी-एच असलेले सगळे एकीकडे, सी-एच वाले एकीकडे, आर-एच वाले वेगळे, पी ने सुरू होणारे वेगळे. पोरगी रोज वीस शब्द पाठ करते आणि चौथ्या दिवशी त्यातले पंधरा विसरते. तर विचारून राहिल्या की असे अक्षरांवरून गट करणं बरोबर की चूक, आणि पोरीची स्मरणशक्तीच कमी आहे का.

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण आईच्या मनाला तीच जास्त लागलेली असते. स्मरणशक्तीचा इथे काही संबंध नाही. रोज वीस अनोळखी माणसांचे फोन नंबर पाठ करायला सांगितले तर तुम्ही-मी पण चौथ्या दिवशी विसरू, आणि तिच्यासाठी हे शब्द सध्या फोन नंबरच आहेत, नुसती अक्षरांची रांग. मी नागपुरात 23 वर्षांपासून इंग्लिश शिकवते, माझ्याकडची बहुतेक पोट्टी मराठी मीडियमची. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी पण अशाच याद्या द्यायची, सोमवारी यादी, शनिवारी टेस्ट, आणि टेस्टमधे वीसपैकी अठरा घेणारी मुलं दिवाळीनंतर तोच शब्द पुस्तकात दिसला की पहिल्यांदाच पाहिल्यासारखी अडकायची. ते पाहून मी याद्या देणं बंद केलं.

आता गटांचं. ताई, तुम्ही जे केलं त्यातलं अर्धं एकदम बरोबर आहे. पी ने सुरू होणारे शब्द एकत्र केले त्याचा उपयोग नाही, पेशन्स, पार्लमेंट आणि प्लॅटफॉर्म यांचं एकमेकांशी नातंच नाही. पण पी-एच, आर-एच, क सारखा वाचायचा सी-एच, सुरुवातीचा मुका पी, शब्दाच्या मधे बसलेला वाय, ही अक्षरं म्हणजे शब्दाचं आडनाव आहे. आडनावाच्या शेवटी 'वार' ऐकलं की आपण लगेच अंदाज बांधतो ना, की माणूस चंद्रपूर-यवतमाळ-नांदेड पट्ट्यातला असेल, तसंच इंग्लिश शब्दात पी-एच दिसला की तो बहुतेक ग्रीक घराण्यातला. आणि ग्रीक घराण्यातला शब्द म्हणजे तो दोन-तीन तुकडे जोडून केलेला असणार, आपल्या सामासिक शब्दासारखा. म्हणजे अक्षरांवरून गट करायचा, पण तिथे थांबायचं नाही, तिथून शब्द फोडायला घ्यायचा. तुम्ही दारापर्यंत पोचल्या होत्या, फक्त आत गेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, हे सगळं किती करायचं ते मूल कशासाठी शिकतंय त्यावर आहे. पुढे बायोलॉजी घेऊन मेडिकलची नीट परीक्षा द्यायची असेल तर ग्रीक तुकडे म्हणजे अर्धा अभ्यास. बँकेची किंवा एमपीएससीची तयारी असेल तर तिथे लॅटिन घराण्याचे शब्द जास्त येतात, त्यांची ओळख वेगळी. आणि मूल पाचवी-सहावीत असेल तर यातलं काहीच नको, त्याला गोष्टीची पुस्तकं वाचू द्या. तुमची मुलगी नववीत आहे, सायन्सच्या पुस्तकात हे शब्द तिला तसेही भेटून राहिले, म्हणून तिच्यासाठी वेळ योग्य आहे. तिला शाळेत संस्कृत असेल तर काम निम्मं सोपं, ते का ते पुढे येईलच.

पी-एच चा उच्चार 'फ' का, एफ असताना दोन अक्षरं कशाला, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच आणि त्याचं उत्तर मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा लवकर समजतं. जुन्या ग्रीक भाषेत आपल्यासारखे महाप्राण होते. त्यांचा फ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, प मधे ह मिसळलेला, आपण 'फळ' म्हणतो तसा. तसाच थ होता, तसाच ख होता. त्या प्रत्येकासाठी ग्रीकांकडे एकेक अक्षर होतं, जसं आपल्याकडे आहे. रोमन लोकांच्या लिपीत हे आवाजच नव्हते, तर त्यांनी प ला ह जोडला, पी-एच, ट ला ह जोडला, टी-एच, क ला ह जोडला, सी-एच. आपण महात्मा फुल्यांचं नाव इंग्लिशमधे लिहिताना नेमकं हेच करतो, पी-एच-यू-एल-ई. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माणसाला जी अडचण आली तीच आपल्याला मोबाईलवर मराठी नाव इंग्लिश अक्षरात टाईप करताना येते, आणि उपायही तोच निघाला. पुढे ग्रीकांचे उच्चार बदलले, ओठ मिटायचे थांबले, फ चा एफ झाला, पण स्पेलिंग जुनंच राहिलं. हे एकदा सांगितलं की मुलांना पी-एच चा राग येत नाही. फिलॉसॉफी, फोटोग्राफ, आणि क्लोरोफिल या शब्दांत तो का बसलाय ते कळतं.

सी-एच चं तर त्याहून छान आहे. इंग्लिशमधे तो तीन प्रकारे वाचतात आणि तिन्हींची गावं वेगळी. च वाचला, चेअर किंवा चर्चसारखा, तर शब्द बहुतेक इंग्लिशमधे जुना मुरलेला. श वाचला, मशीन किंवा शेफसारखा, तर फ्रेंचमधून आलेला. क वाचला, क्रॉनिक, मोनार्क, सायकॉलॉजी, क्लोरोफिल, तर ग्रीक, त्यांच्या ख चा अवशेष. मग मुलगी क्रॉनिक शब्दापाशी आली की तिला क्रोनोस म्हणजे काळ एवढंच सांगायचं. क्रॉनिक खोकला म्हणजे काळ लोटला तरी न गेलेला, जुनाट. क्रोनॉलॉजी म्हणजे काळाच्या क्रमानं मांडणी. सिंक्रोनाइझ म्हणजे एकाच वेळी करणं, 'सिन' म्हणजे बरोबर. अनॅक्रोनिझम म्हणजे ज्या काळात जे नव्हतं ते तिथे दाखवणं, शिवाजी महाराजांच्या नाटकात मावळ्याच्या हातात घड्याळ दिसावं तसं. चार लांब शब्द झाले आणि पाठ करायला एकच छोटा शब्द लागला.

मी दर बॅचला एक काम देते, तुम्ही मुलीला घेऊन हे करून पाहा. संध्याकाळी धंतोली-रामदासपेठेत एक चक्कर मारा आणि दवाखान्यांचे बोर्ड वाचा. नागपुरात एवढे डॉक्टर एका भागात आहेत की लांब इंग्लिश शब्दांची याहून चांगली शाळा मला सापडली नाही, आणि फुकट आहे. नेफ्रॉलॉजिस्ट, नेफ्रोस म्हणजे मूत्रपिंड. डर्मेटॉलॉजिस्ट, डर्मा म्हणजे कातडी. सायकायट्रिस्ट, सायकी म्हणजे मन किंवा प्राण आणि याट्रोस म्हणजे बरं करणारा. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट, ऑफ्थॅल्मोस म्हणजे डोळा, पंधरा अक्षरांचा शब्द आहे आणि त्यातला पी नंतरचा एच शिकलेली माणसंही खातात. त्यात फ आणि थ लागोपाठ आहेत, म्हणजे पी-एच आणि लगेच टी-एच, तोंडानं 'ऑफ्-थॅल' असं नीट म्हणा, 'ऑप-थॅल' नाही, स्पेलिंग आपोआप येतं. हीच जोडी डिफ्थेरियात आहे. डिफ्थेरा म्हणजे चामडं, घटसर्पात घशात चामड्यासारखा पडदा धरतो म्हणून ते नाव. आणि ईएनटी वाल्यांचा पूर्ण शब्द कुठे लिहिलेला सापडला तर फोटो काढून आणा, ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट, 21 अक्षरं, ओटो कान, ऱ्हायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र. ऱ्हायनो शब्द पोट्ट्यांना माहीत असतोच, गेंड्यामुळे. ऱ्हायनोसेरॉस म्हणजे नाक अधिक शिंग. नाकाचा डॉक्टर आणि गेंडा एकाच पानावर आले की वर्गात जो आनंद होतो तो मी आजवर कोणत्या यादीनं होताना पाहिला नाही.

आर-एच चा विषय निघालाच आहे तर डायरियाचं स्पेलिंग. शाळेत रजेचा अर्ज लिहिताना मोठी माणसंही 'स्टमक अपसेट' लिहून वाट काढतात. डाय म्हणजे आरपार, ऱ्हिआ म्हणजे वाहणं. ग्रीकमधे असा आर-एच स्वरानंतर जोडला गेला की आर डबल होतो, म्हणून डी-आय-ए, आर-आर-एच, ओ-ई-ए. हेमरेजमधे पण तेच, हेमो म्हणजे रक्त, पुढचा तुकडा फुटणं, आणि मधे आर-आर-एच. आता चौकस मूल विचारेल की मग वरच्या नाक-कान-घशाच्या शब्दात आर एकच का. खरं आहे, तो शब्द अलीकडच्या काळात डॉक्टरांनी जोडलेला आहे, त्यांनी जुना नियम पाळला नाही. असे अपवाद लपवू नका, मुलाला कळलं की तुम्ही लपवलं तर बाकीच्या नियमावरचा पण विश्वास जातो.

मुक्या अक्षरांसाठी माझी एकच सवय आहे. सायकॉलॉजीतला पी, न्यूमोनियातला पी, निमॉनिकमधला पहिला एम, हे सगळे ग्रीक लोक म्हणायचे. इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला ती जोडाक्षरं जमली नाहीत म्हणून त्यांनी उच्चार सोडला. आपल्याला जोडाक्षराचं काय अवघड! लिहिताना मनातल्या मनात 'प्सायको', 'प्न्यूमो', 'म्निमॉनिक' म्हणायचं, चारचौघात बोलताना सायको. वेन्सडे लिहिताना आपण सगळेच मनात 'वेड-नेस-डे' म्हणतो की नाही, तसंच.

आता संस्कृतचं. 1786 साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता शिल्लक नसलेल्या भाषेच्या लेकी असाव्यात. पुढे भाषाशास्त्रात ते पक्कं झालं. म्हणजे ग्रीक आपली मावशी. आणि मावशीच्या घरात आपल्याकडची भांडी सापडावी तसे शब्द सापडतात. ॲनॉनिमस घ्या. 'अन्' म्हणजे नाही आणि ओनोमा म्हणजे नाम. अनामिक! अगदी तुकड्याला तुकडा. आणि नियम पण तोच आहे, संस्कृतात व्यंजनापूर्वी अ लागतो आणि स्वरापूर्वी अन्, अधर्म पण अनादर, ग्रीकमधे पण तसंच, एथिस्टमधे नुसता ए आणि ॲनार्कीमधे ए-एन. ॲनिमिया म्हणजे अन् अधिक रक्त. आपल्या विदर्भात सिकल सेल ॲनिमिया घराघरात माहीत असलेला शब्द आहे, त्यातला ॲनिमिया असा फोडून दाखवला की हिमोग्लोबिन, हिमॅटॉलॉजिस्ट, हिमोफिलिया आपोआप त्याच्या मागे उभे राहतात.

हायपर आणि हायपो यात तर डॉक्टरांसमोर बसलेले मोठेसुद्धा गोंधळतात, थायरॉइड जास्त आहे की कमी तेच सांगता येत नाही. हायपर हा संस्कृतातल्या 'उपरि' चा भाऊ, म्हणजे वर, जास्त. हायपो हा 'उप' चा भाऊ, म्हणजे खाली, कमी. आपलं नागपूर राज्याची उपराजधानी आहे ना, तोच उप. हे सांगितल्यापासून माझ्या वर्गात कोणी चुकलेलं मला आठवत नाही. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टमधला एंटेरॉन म्हणजे आतडं, संस्कृतात आंत्र, आणि आपलं आतडं त्यातूनच आलं. मीटरमधला मेट्रॉन म्हणजे माप, आपली मात्रा. मेट्रोपॉलिटन म्हणजे मेटर अधिक पोलिस, आई अधिक शहर, आणि हा पोलिस खाकी कपड्यातला नाही, तो संस्कृतातल्या पुर चा नातेवाईक आहे, म्हणजे नागपूरमधला पूर. लंडनला 1863 मधे जी जमिनीखालची रेल्वे सुरू झाली तिचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे होतं, पॅरिसच्या गाडीला पण तेच नाव लागलं आणि लोकांनी तोडून मेट्रो केलं. सीताबर्डीवरून मेट्रोत चढताना एका मुलानं मित्राला सांगितलं की बे, आपण आईत बसून राहिलो. मला त्याच्या आईनं येऊन सांगितलं आणि मी ते आजपर्यंत विसरले नाही.

पण इथे मी कळकळीनं एक सांगते. नातं आहे म्हणजे इंग्लिश संस्कृतातून निघाली असं होत नाही. व्हॉट्सॲपवर असल्या याद्या फिरतात, त्यावर मुलांना वाढवू नका. त्या सख्ख्या-मावस बहिणी आहेत, एकीच्या पोटातून दुसरी नाही. आणि सारखं दिसलं की नातं असेलच असंही नाही. ग्रीक थिऑस म्हणजे देव, तर मुलं लगेच म्हणतात देव आणि थिऑस एकच. नाही, त्या दोघांचं मूळ वेगळं आहे. देव चा खरा नातेवाईक लॅटिनमधला डेउस आहे.

फसवे शब्द म्हणजे या पद्धतीतली सगळ्यात जपून चालायची जागा, आणि मी इथे जास्त वेळ घालवते. पहिली फसवणूक म्हणजे पी-एच दिसला पण ग्रीक नाही. शेफर्डमधे पी-एच आहे, पण तो शीप अधिक हर्ड आहे, मेंढ्या आणि राखणारा, एक पी अलीकडचा, एक एच पलीकडचा. अपहिल, लूपहोल तसेच. म्हणून आधी शब्द कुठे तुटतो ते बघायचं, मग अक्षरं. दुसरी म्हणजे तुकडा सारखा, मूळ वेगळं. पी-ई-डी लॅटिनमधे पाय, पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा, पेडल म्हणजे पायानं मारायचं ते. पण पीडियाट्रिशियनमधला पी-ई-डी ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. ब्रिटिश स्पेलिंगमधे तो पी-ए-ई-डी असा वेगळा दिसतो, अमेरिकनांनी ए काढला आणि त्यांच्याकडे दोन्ही सारखे झाले. मग ऑर्थोपेडिक मधे पाय की मूल? माझ्या वर्गात शंभरातले शंभर पाय म्हणतात, हाडाचा डॉक्टर ना. आहे मूल. 1741 साली निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हा शब्द केला, मुलांची वाकडी हाडं सरळ करायची विद्या या अर्थानं, ऑर्थो म्हणजे सरळ. पुढे मोठ्यांची हाडं पण त्यातच आली. मेट्रो आणि मीटरचं पण असंच, वर पाहिलं तसं एकात आई, एकात माप. होमो ग्रीकमधे सारखा, होमोजीनियस, आणि लॅटिनमधे माणूस, होमो सेपियन्स.

तिसरी फसवणूक चुकीच्या जागी तोडण्याची. हेलिकॉप्टर सगळे हेली अधिक कॉप्टर असं तोडतात. तो हेलिको अधिक प्टेरॉन आहे, मळसूत्रासारखा फिरणारा अधिक पंख, आणि तोच पंख टेरोडॅक्टिलच्या सुरुवातीला मुका पी घेऊन बसलाय. चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मुळातला अर्थ आणि आजचा अर्थ एकच समजणं. मलेरिया म्हणजे इटालियनमधे खराब हवा. लोकांना वाटायचं दलदलीच्या हवेनं ताप येतो. 1897 मधे सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, आणि हवेचा संबंध संपला, नाव मात्र राहिलं. ॲटम म्हणजे न कापता येणारा, आणि तो फुटतो हे नववीच्या पुस्तकातच आहे. म्हणून मुलीला सांगा की तुकड्यांवरून अंदाज बांधायचा, पण डिक्शनरी उघडून खात्री केल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. इन्फ्लेमेबल शब्दाचा अंदाज चुकला तर नुसता मार्क नाही जात. पेट्रोलच्या टँकरवर तो लिहिलेला असतो, इन म्हणजे नाही असं समजून 'पेट न घेणारा' असा अर्थ लावणारा मुलगा मी पाहिला आहे. तिथला इन नकाराचा नाही, त्याचा अर्थ 'आत' असा आहे, भडकन पेट घेणारा.

लॅटिन घराण्याचं एकच उदाहरण देते, कारण ते आपल्या गावाकडचं आहे. कृषी केंद्रात जाऊन बाटल्या वाचा. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, रोडेंटिसाइड. शेवटचा साइड म्हणजे कापणं, मारणं, आणि मराठीत पण आपण नेमकं शेवटीच लावतो, कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे शब्द इंग्लिश मीडियमच्या मुलापेक्षा आधी समजतात. समोरचे वरचे-खालचे चार-चार दात, इन्सायझर, ते पण याच कापणाऱ्या घराण्यातले, आणि डिसाइड सुद्धा, बाकीचे पर्याय कापून टाकणं. बरं, इन्सेक्ट म्हणजे तरी काय, खाचा पाडलेला, कीटकाचं अंग कापल्यासारखं दिसतं म्हणून. ग्रीकमधे त्याचाच एंटोमॉन, आणि त्यावरून एंटोमॉलॉजी. आपल्याकडे कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे गुलाबी बोंडअळीवर काम करणारे शास्त्रज्ञ एंटोमॉलॉजिस्ट. एन गेला आणि ओ च्या जागी वाय आला की होते एटिमॉलॉजी, ती वेगळी, ती शब्दांच्या मुळांची विद्या, म्हणजे आपण सध्या करून राहिलो ती.

ताईंनी शेवटी विचारलं होतं की शाळेच्या ॲक्टिव्हिटीत पाचही स्वर असलेले शब्द आणि सगळ्यात लांब शब्द शोधायला सांगितले, त्याचा फायदा किती. खेळ म्हणून करू द्या, स्पेलिंगकडे डोळा बसतो. एज्युकेशनमधे पाचही स्वर आहेत. फेसिशसमधे ते ए, ई, आय, ओ, यू अशा क्रमानं येतात, अर्थ नको तिथे थट्टा करणारा. ॲब्स्टीमियसमधे पण क्रमानं, अर्थ खाण्यापिण्यात संयमी. सबकॉन्टिनेंटलमधे उलट्या क्रमानं. अनकॉपीराइटेबल पंधरा अक्षरांचा आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा नाही. पण या गटातल्या शब्दांचा अर्थाशी अर्थ जुळत नाही, म्हणून एक रविवार पुरे.

तो 45 अक्षरांचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस मात्र मी दर वर्षी घेते. 1935 मधे अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून बनवला, डॉक्टर तो वापरत नाहीत, ते सिलिकोसिस म्हणतात. पण तुकडे सगळे खरे आहेत. न्यूमोनो फुप्फुस, अल्ट्रा पलीकडचं, मायक्रोस्कोपिक बारीक, सिलिको सिलिका, व्होल्कॅनो ज्वालामुखी, कोनि धूळ, ओसिस आजाराची अवस्था. फळ्यावर सात तुकडे सात रंगात लिहायचे आणि पुसायचे, मुलं दहा मिनिटांत न बघता लिहितात. एकदा उमरेडकडची एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम, माझ्या बाबांच्या खाणीत कोळशाच्या धुळीचा जो आजार सांगतात तो याच्यातला आहे का. होता. न्यूमोकोनिओसिस. तिनं तो शब्द आधी घरी कागदावर पाहिला होता, वाचता आला नव्हता. त्या दिवशी तिनं वाचला, फोडला आणि बाबांना जाऊन समजावून सांगितला. मी हे काम कशासाठी करते असं कोणी विचारलं तर मला ती मुलगी आठवते.

तर आता वहीचं. एका पानावर एकच मूळ, पानाच्या डोक्यावर मूळ आणि त्याचा मराठी अर्थ, खाली त्याचे शब्द जसे भेटतील तसे. एकदम पान भरायचं नाही. दिवसाला तीन नवे शब्द, वीस नाही. शब्द भेटला की डिक्शनरीच्या आधी तिनं पेन्सिलनं उभ्या रेघा मारून तो तोडायचा, अर्थाचा अंदाज लिहायचा, मग बघायचं, चुकला तर अंदाज खोडायचा नाही, शेजारी बरोबर लिहायचं. मुळं बघायला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी नावाची साइट आहे, पैसे लागत नाहीत. जुनी पानं दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं उलटायची. आणि शब्द तोंडानं म्हणायचा, कारण लांब शब्दात जोर सरकतो, फोटोग्राफमधे पहिल्या तुकड्यावर, फोटॉग्राफीत दुसऱ्या, फोटोग्राफिकमधे तिसऱ्या. आपली मुलं सगळीकडे सारखा जोर देतात आणि मग बोलायला लाजतात.

सुरुवातीला तिला ही बारा पानं करू द्या. फोटो उजेड, ग्राफ लिहिणं, फिल आवड, फोन आवाज, क्रोनो काळ, सायको मन, हेमो रक्त, हायड्रो पाणी, हायपर वर, हायपो खाली, लॉजी अभ्यास, अ-अन् नकार. तुमच्या दोनशेमधले किती शब्द या पानांवर बसतात ते आधी मोजा. उरलेल्यांची यादी इथेच टाका, त्यातले लॅटिन कोणते आणि निव्वळ पाठच करावे लागतील असे कोणते, ते मी वेगळं करून देते.